हवापालट

मराठी माणसाचा हवेवर फार जीव. आपल्याकडे एखाद्याच्या डोक्यात हवा जाते, निवडणुकीच्या आधी एखाद्याची हवा असते आणि निकालाच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास ती निघून गेलेली असते. कुणी हवेत इमले बांधतो, कुणी नुसताच हवेत असतो. आणि औषधांनी हात टेकले की डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं हवापालट सांगतात. पण ह्या सगळ्या व्यवहारात एक गोष्ट समान आहे. हवा फुकट असते. हवेसाठी खिशात हात घालणारा माणूस मी लहानपणी सायकलच्या दुकानापुढे तेवढा पाहिला होता. तोही 'पंप आमचा आम्ही मारतो, काही कमी करा' म्हणून घासाघीस करायचा.

हवेसाठी सत्तर पौंड मोजणारा माणूस पाहायला मला थेट विलायत गाठावी लागली. हा माणूस म्हणजे माझे भाऊजी.

भाऊजी १९७४ साली इंग्लंडात गेले. विम्याच्या कचेरीत नोकरी लागली. पहिल्या हिवाळ्यात बसच्या रांगेत कुडकुडत उभे असताना त्यांच्या समोरून एक लाल, बुटकी, दोन माणसांची उघडी मोटार गेली. चालवणाऱ्यानं गळ्याला मफलर गुंडाळला होता आणि शेजारी एक बाई हसत बसली होती. भाऊजींनी त्याच क्षणी मनाशी काय ठरवलं ते सांगायला नको. बाईच्या बाबतीत आमच्या घरच्यांनी पुढच्याच वर्षी पत्रिका जुळवून सोय केली. मोटारीला मात्र पस्तीस वर्षं लागली. मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते, भारताच्या वाऱ्या सगळं आटपल्यावर निवृत्तीच्या पैशांतून भाऊजींनी १९६७ सालची एमजीबी घेतली. गाडी लाल, चाकं सायकलसारखी तारांची, छप्पर कापडी. ताई तिच्यात एकदाच बसली. उतरल्यावर म्हणाली, "रॉकेलच्या स्टोव्हवर बसून आल्यासारखं वाटतंय." त्यानंतर ती बसली नाही.

आता एमजी म्हटलं की आपल्याकडची पोरं म्हणतात, 'हां, ती इलेक्ट्रिक ना? आमच्या पार्किंगमध्ये दोन आहेत.' बरोबर आहे त्यांचं. त्या नावाच्या गाड्या २०१९ पासून गुजरातेत हालोलला तयार होतात आणि नावाची मालकी केव्हाच चीनच्या कंपनीकडे गेली. पण मूळची एमजी म्हणजे ऑक्सफर्डचं मॉरिस गॅरेजेस. तिचा कारखाना ऑक्सफर्डच्या जवळ अ‍ॅबिंग्डन गावात होता. एमजीबी १९६२ साली निघाली, पाच लाखांवर गाड्या झाल्या आणि १९८० साली गाडीही बंद पडली आणि कारखानाही.

ह्या गाडीशी आपलं एक नातं आहे, ते मात्र पोरांना ठाऊक नसतं. आपली ॲम्बॅसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यात पुढे जे १४८९ सीसीचं इंजिन बसलं ते आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातली. बी-सिरीज हे त्यांचं आडनाव. दोघे सख्खे भाऊ म्हणा ना. थोरला हिंदुस्थानात सरकारी नोकरीला लागला, डोक्यावर लाल दिवा घेऊन कलेक्टरना हिंडवत राहिला आणि २०१४ साली उत्तरपाड्याला निवृत्त झाला. धाकटा तिकडेच राहिला, कपडे काढून उन्हात फिरला आणि बाया फिरवल्या. रक्त एकच, पण संगत!

आणि दोघांच्या नाकातोंडाची रचनाही एकच. एस. यू. कार्ब्युरेटर. थोरल्याला एक, धाकट्याला दोन.

कार्ब्युरेटर ह्या वस्तूबद्दल आपल्या पिढीला एकच माहिती असते. त्यात कचरा येतो. रस्त्यात गाडी बंद पडली, मेस्त्रीनं बॉनेट उघडलं, दोन मिनिटं आत पाहिलं आणि 'कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय' म्हणून सांगितलं की आपण समाधानानं मान हलवत असू. पोटात गॅस झालाय म्हटल्यावर हलवतो तशीच. पण विलायतेत तीन आठवडे भाऊजींच्या हाताशी बॅटरी धरून उभं राहिल्यावर मला ह्या यंत्राची बरीच माहिती झाली आहे. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एस. यू. म्हणजे स्किनर युनियन. हे स्किनर मंडळी मूळची बुटांच्या धंद्यातली. लंडनमध्ये त्यांची पादत्राणांची नावाजलेली दुकानं होती. पण थोरल्या मुलाला, हर्बर्टला, मोटारींचा नाद. त्यानं १९०५ साली ह्या कार्ब्युरेटरच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१० साली कंपनी उभी राहिली. पहिल्या नमुन्यांत चामड्याचा भाता होता आणि तो हर्बर्टची बायको घरी शिवून द्यायची. बुटांच्या घरात चामड्याला काय तोटा! नवऱ्याच्या नादापायी बायकोनं सुईदोरा हातात घ्यायचा ही प्रथा अशी जुनी आहे.

पुढे भाता गेला आणि त्या जागी पितळी टोपणाच्या घुमटाखाली वरखाली सरकणारा पिस्टन आला. त्या पिस्टनच्या पोटातून एक निमुळती सुई खाली येते आणि पेट्रोलच्या छिद्रात, जेटमध्ये, उतरते. इंजिनानं जोरात श्वास ओढला की पिस्टन वर उचलला जातो, हवेची वाट रुंद होते, निमुळती सुई वर आल्यानं छिद्रही मोकळं होतं आणि जास्त पेट्रोल येतं. श्वास कमी झाला की सगळं खाली. म्हणजे मागणी तसा पुरवठा. पिस्टननं फार उड्या मारू नयेत म्हणून घुमटात चमचाभर तेल. बस्स. ना तारा, ना चिप, ना कॉम्प्युटर. रेशनिंगच्या खात्यानं हे यंत्र एकदा उघडून पाहायला हवं होतं.

आता भाऊजींचं दुखणं सांगतो. गाडी चांगली चालत होती. हेच ते दुखणं. निवृत्त माणसाला चांगलं चालणारं काही बघवत नाही. त्यांनी कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलं की, एमजीबीचं इंजिन मुळात दमदार, पण कारखान्यानं त्याच्या नाकावर दोन बोजड काळे डबे बसवलेत. खरंच, मूळच्या एअर फिल्टरचे हे दोन डबे चहाच्या किटलीसारखे दिसतात. प्रत्येकाला एक तोटी आणि सगळी हवा त्या तोटीतून. "अरे, जेवढं इंजिन तेवढा श्वास!" भाऊजी मला म्हणाले. "तू नाकात बोळे घालून पर्वती चढशील का?"

मी बोळे न घालताही अर्ध्यावर बसतो, पण ते मी बोललो नाही. पाहुण्यानं वाद घालू नये.

श्वासाचा हिशोब मात्र चक्रावणारा आहे. एक किलो पेट्रोल नीट जाळायला जवळजवळ पावणेपंधरा किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगायचं तर एक लिटर पेट्रोलला नऊ हजार लिटर हवा. उन्हाळ्यात आपल्या सोसायटीत पाण्याचा टँकर येतो ना, जवळपास तो एक टँकर भरून. भाऊजींचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारताना कागदी हिशोबानं मिनिटाला सत्तावीसशे लिटर हवा ओढतं. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सहा ते आठ लिटर पुरते. म्हणजे साडेतीनशे माणसांचं वऱ्हाड त्या दोन किटल्यांच्या तोटीतून श्वास घेत होतं. हे ऐकल्यावर मलाही गुदमरायला लागलं.

तर ह्या वऱ्हाडाच्या सोयीसाठी भाऊजींनी दोन नवे फिल्टर मागवले. खोक्यातून निघाले तेव्हा ताईला वाटलं पुरणयंत्राच्या ताटल्या आल्या. चपटे, गोल, चकचकीत, अंगभर भोकं आणि आत जाळीदार कापूस. किंमत सत्तर पौंड. मी मनातल्या मनात रुपये केले आणि खाली बसलो. परदेशात जाणाऱ्या मराठी माणसानं हे गुणाकार करू नयेत असं प्रत्येक जण सांगतो आणि प्रत्येक जण करतो.

"सत्तर पौंड कशाला?" ताईनं विचारलं.

"हवेला," भाऊजी म्हणाले.

"आणि ती फ्रिजवरची चिठ्ठी?"

भाऊजी एकदम पान्यांच्या खोक्यात डोकावून काही तरी शोधायला लागले.

फ्रिजवरच्या चिठ्ठीचं असं होतं. भाऊजींनी पंचवीस वर्षं सिगारेटी ओढल्या होत्या. सोडूनही आता पंचवीस वर्षं झाली होती आणि त्यांच्या मते हिशोब मिटला होता. पण अलीकडे जिना चढताना ते मधल्या वळणावर थांबायचे. तिथे भिंतीवर ताईनं गणपतीची तसबीर लावली आहे. भाऊजी तिच्यापुढे उभे राहून मिनिटभर हात जोडायचे. आयुष्यभर संकष्टीच्या दिवशी बाहेर ऑम्लेट खाऊन आलेला माणूस दिवसातून चार वेळा गणपतीपुढे थांबतो म्हटल्यावर ताईनं ओळखलं की ही भक्ती नव्हे, हा दम लागतोय. डॉक्टरांनी फुप्फुसांची फुंकर-तपासणी सांगितली. तिची चिठ्ठी पाच महिने फ्रिजवर लोहचुंबकाखाली अडकली होती. भाऊजी दूध काढताना तिच्याकडे न पाहता दार उघडायला शिकले होते.

"पुढच्या आठवड्यात," ते म्हणत. "आधी गाडीचं उरकू दे."

गाडीचं उरकायला एका शनिवारी सकाळी सुरुवात झाली. किटल्या निघाल्या. पुरणयंत्रं बसली. भाऊजींनी चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि जागेवर इतकं गोड चालायला लागलं की भाऊजींनी माझ्याकडे, मुलगी पहिली आलेल्या बापासारखं पाहिलं. आम्ही बसलो. गाडी फाटकाबाहेर पडली. भाऊजींनी पाय दाबला.

गाडीनं 'हॅ' केलं. म्हणजे अगदी तस्संच. ओंकारेश्वरापाशी लग्नाच्या पंगतीत वाढप्याला एखादा तिरसट म्हातारा करतो तसं. पेडल सोडलं की छान. दाबलं की हॅ. मागून दुधाची गाडी आली, तिच्यामागून शाळेची बस आली, एक म्हातारी चालत पुढे गेली. तीनशे यार्ड जायला आम्हांला जेवढा वेळ लागला तेवढ्यात पुण्यात माणूस नारायण पेठेतून सदाशिव पेठेत पायी पोचतो, वाटेत दोघांशी भांडून.

पुढचे चार दिवस भाऊजी झोपले नाहीत. प्लग काढले. काळेठिक्कर. पेट्रोल बदललं. इंग्लंडात सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल घालतात, ते जुन्या गाड्यांच्या रबराला सोसत नाही, म्हणून भाऊजी आधीपासूनच महागडं, पाच टक्क्यांचं पेट्रोल घालत होते. तेही काढून ताजं भरलं. सुया बदलण्यापर्यंत गोष्ट गेली. एस. यू.च्या सुया काही शेकड्यांनी आहेत. प्रत्येकीला एक अक्षर नाही तर आकडा आणि दर अष्टमांश इंचावर तिची जाडी किती ह्याचे तक्ते. एकमेकींतला फरक इंचाच्या हजाराव्या भागाचा. भाऊजी रात्री दिव्याखाली हे तक्ते वाचत बसायचे. लग्नाच्या वेळी पत्रिका इतक्या बारकाईनं पाहिली नव्हती असं ताई म्हणाली.

हे सगळं वाकून, उकिडवं बसून, गाडीखाली आडवं होऊन. दर दहा मिनिटांनी भाऊजी उभे राहायचे आणि गॅरेजच्या भिंतीकडे टक लावून पाहायचे. तिथे तसबीर नव्हती. नुसती भिंत होती. मी बॅटरी घेऊन शेजारी उभा होतो आणि मला त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. शिट्टीसारखा. जुनी खिडकी नीट न मिटल्यावर वारा करतो तसा. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, जरा बसा." ते म्हणाले, "अरे, हिला हवा का मिळत नाही तेच कळत नाही."

पाचव्या दिवशी ताईनं शेजारच्या साहेबाला हाक मारली.

हा साहेब पंचाहत्तरीचा. ऐन तरुणपणी अ‍ॅबिंग्डनच्या त्या कारखान्यात कामाला होता. १९८० साली कारखाना बंद झाला तेव्हा घरी आला आणि तेव्हापासून बागेत कोबी लावतो. बोलत कमी. भाऊजी त्याला विचारायला का गेले नव्हते हे मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "ज्या कारणानं डॉक्टरकडे जात नाहीत, त्याच."

साहेब आला. त्यानं नव्या फिल्टरांना हात लावला नाही. सुयांचे तक्ते पाहिले नाहीत. खिशातून हातभर लांबीची रबरी नळी काढली. एक टोक कानात घातलं आणि दुसरं टोक एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून डोळे मिटले. दोन्हींचा फुसकारा सारखा येतो का हे ऐकायची ही जुनी पद्धत. दोन्ही फुप्फुसं सारखी चालतात का, असं म्हणा. मग त्यानं इंजिन बंद केलं, चार बोल्ट काढले, फिल्टर आणि कार्ब्युरेटरच्या मधलं कागदाचं गॅस्केट अलगद सोडवलं, उलटं केलं आणि परत लावलं. दुसऱ्या बाजूचंही तसंच. बोल्ट आवळले. हात पुसले. एकूण वेळ बारा मिनिटं.

"आता चालव," तो म्हणाला.

गाडी अशी उठली की माझी टोपी मागच्या बागेत गेली.

झालं होतं एवढंच. कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या कडेला बारीक भोकं असतात. त्यांतून बाहेरची हवा पिस्टनच्या खालच्या अंगाला जाते. वरून इंजिनाची ओढ आणि खालून बाहेरच्या हवेचा दाब, ह्या दोघांच्या जोरावर पिस्टन उचलला जातो. भोकं बुजली की ओढ कितीही असो, पिस्टन बसल्या जागी. गॅस्केटला त्या भोकांपुढे भोकं ठेवलेली असतात, पण ते उलटं बसवलं की ती जातात भलतीकडे. भाऊजींनी इंजिनासाठी दोन दरवाजे सताड उघडले होते आणि लहानसं भोक बुजवून ठेवलं होतं.

"वाट रुंद करायच्या आधी," साहेब जाता जाता म्हणाला, "कुठे अडलंय ते बघायचं असतं." मग ताईकडे पाहून त्यानं टोपी उचलली आणि कोबीकडे गेला. ताईनं ते वाक्य जपून ठेवलं. बायका अशी वाक्यं साडीच्या घडीत ठेवतात आणि वेळ आली की काढतात.

गाडी दुरुस्त झाली, पण आता आमच्यापुढे शास्त्रीय प्रश्न उभा राहिला. नव्या फिल्टरांनी वेग वाढला का? भाऊजींच्या मते शंकाच नको. आवाज ऐक ना! आवाज खराच बदलला होता. किटल्या गेल्यामुळे इंजिनाचं ओढणं उघड्यावर आलं होतं आणि पाय दाबला की बॉनेटखालून अशी डरकाळी निघे की भुरके मारून कढी पिणारे आमचे मोठे काका आठवावेत. त्या आवाजात पस्तीस मैलांचा वेग साठ वाटायचा.

आम्ही परीक्षा घ्यायचं ठरवलं. गावाबाहेर एक चढ आहे. खालच्या मैलाच्या दगडापासून वरच्या झाडापर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये जायचं आणि वेळ मोजायची. घड्याळ माझ्याकडे. नव्या फिल्टरांनी तीन फेऱ्या, मग किटल्या परत लावून तीन. नव्यांची सरासरी चौदा सेकंद. किटल्यांचीही चौदा सेकंद. भाऊजींनी घड्याळ हातात घेऊन हलवून पाहिलं.

ह्याचंही उत्तर साहेबानं कुंपणावरून दिलं. म्हणाला, त्या डब्यांना हसू नका. त्यांच्या आत हवेच्या तोंडाशी कर्ण्यासारखी गोल कड आहे, तिच्यावरून हवा वळणं घेत सुळकन आत जाते. तुमच्या चकचकीत फिल्टरला तशी कड नाही, तिथे हवा धारदार काठावर आपटते. शिवाय ह्या इंजिनात कार्ब्युरेटर आणि धुराचा नळ एकाच बाजूला, कार्ब्युरेटर वर आणि तापलेला नळ खाली. उघडा फिल्टर तीच गरम हवा ओढणार. गरम हवा विरळ. तीस अंशांनी तापली की हवा सुमारे एक दशांश पातळ झाली. म्हणजे दरवाजे मोठे केले आणि आत आलं ते पाणी घातलेलं दूध. मोठेच फिल्टर हवे असतील तर ती गोल कड वेगळी विकत घ्या, बसवा, बाहेरची थार हवा नळीनं आणून सोडा, मग सुई थोडी जाड मिश्रणाची घाला. तेव्हा कुठे थोडासा फायदा.

"किती?" भाऊजींनी विचारलं.

"तुमच्या मेव्हण्यांनी दुपारचं जेवण कमी केलं तर होईल तेवढा," साहेब म्हणाला.

ह्या वाक्याचं भाषांतर भाऊजींनी मला करून सांगितलं. तशी गरज नव्हती. मला पहिल्यांदाच कळलं होतं.

किटल्या परत लागल्या. आत नवे कागदी फिल्टर घातले, दोन्ही मिळून पुरणयंत्राच्या चौथाईहून कमी किमतीत. साहेबानं एका बोटानं पिस्टन केसभर उचलून मिश्रण पाहिलं. उचलल्यावर इंजिन वर जाऊन तिथेच राहिलं तर पेट्रोल जास्त, गळपटलं तर कमी, किंचित वर जाऊन परत ठिकाणावर आलं तर बरोबर. आलं. दोन दिवसांनी प्लग काढले तर बिस्किटाच्या रंगाचे. भाऊजींचा चेहरा मात्र उतरलेला. सत्तर पौंड गेले त्याचं नव्हे. माणसानं काही तरी बदलायचं ठरवावं आणि शेवटी आहे तेच बरं होतं असं निघावं, ह्यासारखं दुःख नाही.

त्या संध्याकाळी जेवताना ताईनं ते घडीतलं वाक्य काढलं. आवाज न चढवता. भात वाढता वाढता. "वाट रुंद करायच्या आधी कुठे अडलंय ते बघायचं असतं म्हणे," ती म्हणाली. "अहो, मला साहेबाची ती नळी आणून द्या. मीच ऐकते तुमच्या छातीला."

भाऊजी हसले नाहीत. मीही नाही. ताईचा वाढायचा डाव भांड्यावर एकदोनदा उगाच वाजला आणि मग मला दिसलं की तिचा हात थरथरतोय. पन्नास वर्षांपूर्वी नवऱ्यामागे परक्या देशात आलेली बाई. मुलं दूर. तिच्या साऱ्या हिशोबात हा एकच माणूस शिल्लक, आणि तो जिन्यात गणपतीपुढे थांबत होता.

"भीती वाटते गं," भाऊजी भाताकडे पाहत म्हणाले. "गाडीचं काय, उलटं लागलेलं सुलटं करता येतं."

"माझं काय, मला नाही वाटत?" ताई म्हणाली.

मंगळवारी भाऊजी गेले. बरोबर आम्ही दोघं. तिथे एका बाईनं त्यांच्या तोंडात नळी दिली, नाकाला चिमटा लावला आणि सांगितलं, पूर्ण श्वास भरा आणि जोरात फुंका, थांबू नका. पहिल्या सेकंदात छातीतली किती हवा बाहेर पडते ते ह्या तपासणीत महत्त्वाचं. वाटा अरुंद झालेल्या असल्या की ती पहिल्या सेकंदाला कमी पडते. भाऊजींनी तीनदा फुंकलं. बाहेर येताना चेहरा लालबुंद, पण डोळ्यांत चमक. "अगदी चढावरची परीक्षा," ते मला म्हणाले. "तीन फेऱ्या आणि घड्याळ त्यांचं!"

निकाल आला. वाटा अरुंद झाल्या होत्या. फार नाही, पण झाल्या होत्या. गेलेलं परत येत नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. पण रोज ओढायचं औषध, रोजचं चालणं आणि थंडीच्या आधीची लस एवढं सांभाळलं तर आहे ते बरीच वर्षं टिकेल असंही सांगितलं. भाऊजींनी हे कुंपणावरून साहेबाला सांगितलं. साहेबानं सगळं ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे इंजिन न बदलता ट्यूनिंग." त्याच्या तोंडून ह्यापेक्षा मोठं आश्वासन मिळणं शक्य नव्हतं.

फ्रिजवर आता त्या चिठ्ठीच्या जागी औषधाच्या वेळा लावल्या आहेत. एक चकचकीत पुरणयंत्र ताईनं स्वयंपाकघरात घेतलं आहे, त्यावर ती गरम पातेलं ठेवते. दुसरं भाऊजींनी गॅरेजच्या भिंतीवर टांगलं, ते टक लावून पाहायचे त्या जागी. निळा पंप गाडीच्या कप्प्यात पान्यांशेजारी असतो. भाऊजी आजही जिन्यात गणपतीपुढे थांबतात, पण पूर्वीपेक्षा कमी वेळ. देवाला त्यातलं कारण कळत असावं. त्याची हरकत दिसत नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी ऊन पडलं. इंग्लंडात ऊन पडलं की लोक सणासारखे वागतात. भाऊजींनी छप्पर खाली केलं, किल्ली फिरवली, किटल्यांतून गाडी शहाण्यासारखी फुसफुसायला लागली. मी नेहमीप्रमाणे दार उघडायला गेलो तर ताई आधीच बसलेली. गळ्याला मफलर, डोक्याला रुमाल, मांडीवर थर्मास.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की पन्नास वर्षांत मराठी विसरलास का, असा प्रश्न तिला पडला असावा.

"कुठे म्हणजे?" ती म्हणाली. "हवा खायला!"